वापरलेला कीबोर्ड : मंचाच्या आणि स्टुडिओच्या गरजांचा आढावा

इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या एकाच खोक्यात दोन अगदी भिन्न स्वभावाचे भाग नांदत असतात. त्यांपैकी एक म्हणजे चिपमध्ये साठवलेला आवाज, जो वाद्य वीस वर्षांचे झाले तरी पहिल्या दिवशी होता तसाच ऐकू येतो. दुसरा म्हणजे पट्ट्या, त्यांच्याखालचे रबरी संपर्क, बटणे, खटके, जॅक आणि पडदा असा यांत्रिक भाग, जो प्रत्येक कार्यक्रमागणिक थोडाथोडा झिजत जातो. नवे वाद्य घेताना हा भेद लक्षात घ्यावा लागत नाही, कारण तेथे दोन्ही भाग सारखेच कोरे असतात. वापरलेल्या वाद्याच्या बाबतीत मात्र तोच कळीचा ठरतो, आणि तरीही बाजारातील किंमत बहुतांशी न झिजणाऱ्या भागावर, म्हणजे आवाजाच्या लौकिकावर ठरत असते, तर खरेदीनंतरचा खर्च आणि मनस्ताप झिजणाऱ्या भागातून उद्भवतो. स्वस्तात चांगला कीबोर्ड मिळवण्याचा प्रश्न बराचसा या तफावतीतून निर्माण होतो. मंचावरचा वादक आणि स्टुडिओतला संगीतकार या तफावतीच्या दोन वेगळ्या टोकांना उभे असल्यामुळे त्या दोघांना एकाच यादीतून उत्तर देता येत नाही.

आज वापरलेल्या स्थितीत मिळणाऱ्या वाद्यांचा इतिहास १९८३ पासून सुरू झाला असे मानण्यास हरकत नाही. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतील नॅम या वाद्यव्यवसायाच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका केबलने जोडून दाखवण्यात आली, आणि एका कीबोर्डवर दाबलेला स्वर दुसऱ्यातून ऐकू आला. मिडी या नावाने ओळखली जाणारी ही भाषा आवाज वाहून नेत नाही, तर कोणता स्वर किती जोराने दाबला आणि केव्हा सोडला एवढीच सूचना पोहोचवते. त्याच वर्षी यामाहाने डीएक्स-७ बाजारात आणला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांच्या संशोधनावर आधारलेली त्याची एफएम पद्धत, म्हणजे एका ध्वनिलहरीने दुसरीची कंप्रता वेगाने हलवून नवा नाद घडवण्याची पद्धत, त्या दशकातील घंटेसारख्या किणकिणत्या इलेक्ट्रिक पियानोचा उगम ठरली. आज हा कीबोर्ड संग्राहकांच्या आवडीचा विषय आहे. मर्यादित पैशात मंचाची आणि स्टुडिओची सोय पाहणाऱ्याने त्याच्या मोहात पडण्याचे कारण नाही, कारण त्याचा नाद संगणकावर अत्यल्प खर्चात आणि पुरेशा निष्ठेने मिळतो.

व्यवहाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा टप्पा १९८८ च्या कॉर्ग एम-१ पासून सुरू होतो. प्रत्यक्ष वाद्यांच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांवरून बनवलेले आवाज, प्रतिध्वनीसारखे परिणाम आणि आठ मार्गांवर रचना नोंदवणारा सिक्वेन्सर हे सर्व एकाच वाद्यात आल्याने ‘वर्कस्टेशन’ हा प्रकार रूढ झाला. पुढे रोलँडची एक्सपी मालिका, १९९९ चा कॉर्ग ट्रायटन आणि २००१ चा यामाहा मोटिफ यांनी याच साच्याचा विस्तार केला. या वाद्यांची तुलना करताना पॉलिफनीचा, म्हणजे एकाच वेळी किती ध्वनी उमटू शकतात या संख्येचा नेहमी उल्लेख होतो. एम-१ मध्ये ती १६, एक्सपी-८० मध्ये ६४, ट्रायटन आणि मूळ मोटिफमध्ये ६२, तर २००३ च्या मोटिफ ईएसमध्ये १२८ आहे. हे आकडे मात्र फसवे असतात, कारण एक्सपीमधील एक भरदार आवाज चार थरांचा असेल तर ६४ चे प्रत्यक्षात १६ स्वरच उरतात आणि पेडल दाबून वाजवलेल्या पियानोत जुने स्वर अवेळी तुटू लागतात. एकल सुरावट वाजवणाऱ्याला मात्र याची झळ क्वचितच बसते, त्यामुळे केवळ पॉलिफनी जास्त म्हणून अधिक पैसे मोजणे फारसे शहाणपणाचे नाही.

महाराष्ट्रातील वाद्यवृंदांच्या संदर्भात एक्सपी-६० आणि एक्सपी-८० यांचा स्वतंत्र विचार करावा लागतो. पहिल्याला ६१ आणि दुसऱ्याला ७६ पट्ट्या असून १९९६ ते १९९८ च्या दरम्यान आलेली ही वाद्ये त्यानंतर आलेल्या कितीतरी सरस वाद्यांपेक्षा येथे अधिक काळ टिकून राहिली. याचे कारण तांत्रिक श्रेष्ठतेत शोधणे व्यर्थ आहे. हिंदी चित्रपटसंगीतात इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड शिरला तोच देशी वाद्याची जागा घेत; १९५४ च्या ‘नागिन’मधील पुंगीचा भास कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन या छोट्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर निर्माण केला होता. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी ज्युपिटर-८ वर राग वाजवून ध्वनिमुद्रिका केली, तेव्हाही कीबोर्डकडे सुरावटीचे वाद्य म्हणूनच पाहिले गेले. मंचावर आजही कीबोर्डवादकाकडून बासरी, सनई, सतार, व्हायोलिनांचा समूह आणि गरज पडल्यास ढोलकीचा तुकडा यांची अपेक्षा असते, आणि एक्सपी मालिकेसाठी येथील जाणकारांनी घडवलेले देशी ‘टोन’ हातोहात पसरल्यामुळे त्या वाद्याभोवती एक परिसंस्थाच उभी राहिली. त्यात भर पडली ती रोलँडच्या एकाच खटक्याने स्वर वाकवणे आणि कंप देणे ही दोन्ही कामे करण्याच्या सोयीची. डाव्या हाताने मींड घेणाऱ्या वादकाला दोन वेगळ्या चाकांपेक्षा हा खटका सोपा जातो.

या लोकप्रियतेत एक धोका दडलेला आहे आणि त्याकडे आश्चर्यकारक दुर्लक्ष होते. असे बाहेरून भरलेले टोन वाद्याच्या कायम स्मृतीत नसून ‘यूजर’ स्मृतीत राहतात, आणि त्या काळच्या बहुतेक वाद्यांत ही स्मृती नाण्याच्या आकाराच्या लिथियम सेलवर जिवंत असते. सेल संपला की वाद्य सुरू होते, मूळ आवाजही वाजतात, परंतु ज्या टोनसाठी चढी किंमत मोजली ते नाहीसे होतात. म्हणून सौदा ठरण्यापूर्वीच टोनची प्रत फ्लॉपीवर किंवा मिडीमार्गे संगणकावर उतरवून घेणे आवश्यक असते. सिसेक्स नावाच्या संदेशांद्वारे, म्हणजे विशिष्ट वाद्याच्या अंतर्गत नोंदी जशाच्या तशा पाठवणाऱ्या मिडी संदेशांद्वारे हे काम होते. सेल स्वतः अगदी स्वस्त असतो, पण काही वाद्यांत तो मुख्य पटलावर डाख दिलेला असल्याने बदलण्यासाठी जाणत्या कारागिराचा हात लागतो. पट्ट्यांच्या झिजेच्या तुलनेत ही बाब क्षुल्लक असली तरी टोनसाठी पैसे मोजणाऱ्याचे सर्वात मोठे नुकसान तिच्यातूनच होते.

पट्ट्यांचा विषय अधिक खोलात जाऊन पाहावा लागतो. हलक्या स्प्रिंगवर चालणाऱ्या पट्ट्यांना सिंथ-अ‍ॅक्शन, तर आत प्रत्यक्ष वजनाच्या हातोड्या असलेल्या आणि पियानोचा दाब देणाऱ्या पट्ट्यांना हॅमर-अ‍ॅक्शन म्हणतात. सेमी-वेटेड पट्ट्या या दोहोंच्या मध्ये येतात. पाश्चात्त्य पुस्तकांत ८८ हॅमर-अ‍ॅक्शन पट्ट्यांना आदर्श मानण्याची पद्धत आहे आणि पियानो शिकलेल्या हाताला ते लागूही पडते. हार्मोनियमवर घडलेल्या हाताला मात्र द्रुत हरकती आणि एकाच स्वरावरचे जलद आघात हलक्या पट्ट्यांवर अधिक सहज येतात, आणि ‘काळी एक’ ते ‘पांढरी पाच’ अशा कोणत्याही पट्टीत गाणाऱ्या गायकाबरोबर ट्रान्सपोझचे, म्हणजे सगळे स्वर वर-खाली सरकवणारे बटण वापरून एकाच बोटवळणाने वाजवणाऱ्याला ६१ पट्ट्या पुरतात. अशा वादकाने ८८ पट्ट्यांचे वाद्य घेणे म्हणजे वजन, जागा आणि पैसा या तिन्ही बाबतींत अकारण भुर्दंड सोसणे होय.

पट्टी दाबल्याचा जोर वाद्याला कसा कळतो हे समजल्यास बहुतेक दोष आपोआप ओळखता येतात. प्रत्येक पट्टीखाली कार्बनचा लेप असलेले दोन रबरी संपर्क असतात आणि ते क्रमाने जुळतात. या दोन जुळण्यांमधील अवधी जितका कमी, तितका आघात जोरदार असे वाद्य मानते. धूळ, दमट हवा किंवा झीज यांमुळे यांपैकी एक संपर्क नीट जुळला नाही, तर स्वर मुळीच येत नाही किंवा हळू दाबूनही एकदम पूर्ण आवाजात किंचाळतो. हा दोष दिसायला भयंकर असला तरी बहुधा रबरी संपर्क काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ केल्यावर जातो, आणि म्हणूनच ज्याला तो ओळखता येतो त्याला किंमत उतरवून घेण्याची संधी मिळते. याउलट काही दोष वरून किरकोळ वाटतात आणि आतून गंभीर असतात. रोलँडच्या जेडी-८०० आणि डी-७० या वाद्यांत पट्ट्यांना वजन चिकटवण्यासाठी वापरलेला लाल डिंक कालांतराने पातळ होऊन खाली ओघळतो आणि संपर्कांपर्यंत पोहोचतो. तेथे सर्व पट्ट्या सुट्या करून तो डिंक काढणे हे कित्येक दिवसांचे काम होते. कॉर्ग पॉलिसिक्समध्ये निकेल-कॅडमियम बॅटरी गळून मंडलपटलच खाल्ले जाते. अशी वाद्ये फार स्वस्त मिळाली तर त्या स्वस्ताईचे कारण आधी शोधावे.

मंचाच्या गरजांमध्ये पहिला मान भरवशाला आणि दुसरा वजनाला द्यावा लागतो. आवाजाची श्रीमंती त्यानंतर येते. खुल्या मैदानातील ध्वनिक्षेपकांतून पियानोच्या नमुन्यातील बारकावे श्रोत्यांपर्यंत पोहोचतच नाहीत, परंतु वीज क्षणभर गेली तर वाद्य किती वेळात परत उभे राहते हे सर्वांना कळते. कॉर्गचा २०११ चा क्रोनोस हे अत्यंत समर्थ वाद्य असले तरी ते मुळात एक संगणक असल्याने सुरू व्हायला सुमारे दोन मिनिटे घेते, आणि जनित्रावर चालणाऱ्या जत्रेच्या मंचावर दोन मिनिटांची शांतता फार मोठी असते. याच कारणाने सॅम्पल, म्हणजे बाहेरून भरलेले ध्वनिमुद्रित तुकडे वापरणाऱ्याने ते कोणत्या प्रकारच्या स्मृतीत राहतात हे तपासले पाहिजे. मूळ ट्रायटन आणि मूळ मोटिफ यांतील सॅम्पल वीज जाताच पुसले जातात आणि दर वेळी नव्याने भरावे लागतात; नंतरच्या मोटिफ एक्सएफमध्ये वेगळे फ्लॅश पटल बसवल्यास ते टिकून राहतात. ट्रायटन किंवा एक्सपी घेताना फ्लॉपी ड्राइव्ह चालतो का हेही पाहावे लागते. तो बिघडला असल्यास त्या जागी यूएसबी पेनड्राइव्ह स्वीकारणारा फ्लॉपी-एम्युलेटर बसवण्याची प्रथा आहे, पण प्रत्येक वाद्याशी त्याची जुळणी होतेच असे नाही. मूळ मोटिफला लागणारी स्मार्टमीडिया कार्डे तर उत्पादनातूनच गेली आहेत.

वजनाच्या बाबतीत थोरल्या वाद्याऐवजी त्याच घराण्यातील धाकटे वाद्य घेणे बहुधा फायद्याचे ठरते. २०११ च्या यामाहा एमओएक्स-६ मध्ये मोटिफ एक्सएसचे ध्वनिनमुने आहेत आणि त्याचे वजन सुमारे ७ किलो आहे, तर ८८ पट्ट्यांचा मोटिफ २५ किलोंच्या पुढे जातो. २०१३ च्या एमओएक्सएफ-६ ने १२८ पॉलिफनी देऊन एमओएक्स-६ मधील कमी पॉलिफनीची उणीवही भरून काढली. रोलँडचा ज्युनो-डीआय जेमतेम सव्वापाच किलोंचा असून पेन्सिल सेलवरही चालतो, ही सोय वीजपुरवठा बेभरवशाचा असलेल्या ठिकाणी कोणत्याही वाढीव टोनपेक्षा मोलाची आहे. पियानोच्याच पट्ट्या हव्या असणाऱ्यासाठी कॅसिओचा पीएक्स-५एस हे दुर्लक्षित उत्तर आहे. ८८ हॅमर-अ‍ॅक्शन पट्ट्या असूनही त्याचे वजन ११ किलोंच्या आसपास आहे आणि केवळ नावामागच्या ‘घरगुती’ शिक्क्यामुळे त्याला व्यावसायिक वर्तुळात कमी भाव मिळतो. याच्या अगदी उलट स्थिती स्वीडनमधील नॉर्डच्या लाल वाद्यांची आहे. ती उत्तम असली तरी वापरलेल्या स्थितीतही किंमत फारशी सोडत नाहीत, त्यामुळे प्रस्तुत चर्चेत त्यांना स्थान देता येत नाही. रोलँडचा एक्सपीएस-१० देशी टोनसह येतो आणि जुन्या एक्सपीच्या फ्लॉपीच्या व सेलच्या कटकटीतून सोडवतो, ही बाब एक्सपीच्या नावलौकिकापुढे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

अरेंजर कीबोर्ड, म्हणजे डाव्या हाताने एकत्र दाबलेल्या स्वरांवरून (कॉर्डवरून) ताल, बास आणि साथ आपोआप वाजवणारा प्रकार, हा एकट्याने कार्यक्रम करणाऱ्या गायक-वादकाचा आधार आहे. यामाहाच्या पीएसआर-एस आणि कॉर्गच्या पीए मालिका यात अग्रेसर आहेत. भारतीय ताल असलेली यामाहाची पीएसआर-आय मालिका शिकणाऱ्यांत लोकप्रिय आहे. गोव्यातील तियात्रासारख्या, जिवंत वाद्यमेळावर चालणाऱ्या रंगभूमीला मात्र स्वयंचलित साथीचा उपयोग नाही. लहान घरगुती वाद्यांत एक अडचण हमखास आढळते : त्यांना वेगळे लाइन-आउट नसून हेडफोनच्याच छिद्रातून ध्वनी घ्यावा लागतो आणि ते छिद्र सततच्या वापराने ढिले झालेले असते.

स्टुडिओत हा सगळा क्रम उलटतो. एम-१ मधील सर्व आवाज मिळून अवघ्या ४ मेगाबाइटमध्ये बसवलेले होते, तर संगणकावर चालणाऱ्या एकट्या पियानोचे नमुने आज कित्येक गिगाबाइट भरतात. अशा स्थितीत वाद्यातील मूळ आवाजासाठी पैसे मोजण्याला एका विशिष्ट नादाची ओढ एवढेच कारण उरते. स्टुडिओतील कीबोर्डचे खरे काम हाताची सूचना संगणकापर्यंत अचूक पोहोचवणे हे असल्याने तेथे सर्व पैसा पट्ट्यांवर लावणे योग्य ठरते. ज्याचा पडदा मंद झाला आहे, फ्लॉपी बंद आहे, काही बटणे मेली आहेत, पण पट्ट्या आणि मिडी-आउट ठणठणीत आहेत असे थोरले वर्कस्टेशन मंचासाठी टाकाऊ आणि स्टुडिओसाठी घबाड असते. नव्या स्वस्त कंट्रोलरच्या, म्हणजे स्वतःचा आवाज नसलेल्या कीबोर्डच्या, पट्ट्यांपेक्षा वीस वर्षांपूर्वीच्या महागड्या वाद्याच्या पट्ट्या बहुधा सरस निघतात. आफ्टरटच, म्हणजे दाबलेल्या पट्टीवर आणखी भार देऊन कंप किंवा तीव्रता वाढवण्याची सोय, नव्या स्वस्त कंट्रोलरमधून अनेकदा वगळलेली असते, तर त्या काळच्या वर्कस्टेशनमध्ये ती सर्रास आढळते. सनई-बासरीच्या आवाजांत तिचा उपयोग भारतीय कानाला लगेच पटतो.

जोडणीच्या बाबतीत नवे ते टिकाऊ हा समज खोटा ठरतो. अनेक जुन्या यूएसबी कीबोर्डना कंपनीचा स्वतंत्र ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला त्या वाद्याची ओळख करून देणारी आज्ञावली लागते, आणि कंपनीने ती अद्ययावत करणे थांबवले की नव्या संगणकावर तो मार्ग बंद होतो. १९८३ ची पाच पिनांची मिडी जोडणी मात्र आजच्या ऑडिओ-इंटरफेसवरही चालते, आणि २०२० मध्ये स्वीकारलेल्या मिडी २.० नेही जुन्या वाद्यांशी नाते तोडलेले नाही. दोन समान वाद्यांमध्ये निवड करायची झाल्यास पाच पिनांचे छिद्र असलेले घ्यावे.

विजेच्या बाबतीतील निष्काळजीपणा एका क्षणात संपूर्ण व्यवहार बुडवू शकतो. जपानमधून आलेली वाद्ये बहुधा १०० व्होल्टची आणि अमेरिकेतून आलेली १२० व्होल्टची असतात. अशी वाद्ये भारतातील २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावली तर वीजपुरवठ्याचा भाग जळतो. परदेशस्थ नातेवाइकाने आणलेल्या वाद्याबाबत ही चूक विशेष संभवते, म्हणून मागील बाजूचे लेबल वाचून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च किमतीत धरावा. अ‍ॅडॉप्टरवर चालणाऱ्या वाद्यांत ध्रुवतेचा प्रश्न असतो : यामाहाच्या घरगुती वाद्यांच्या १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये मधली पिन धन असते, तर कॅसिओच्या जुन्या ९ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये ती ऋण असते, आणि दोन्ही प्लग दिसायला सारखे असल्याने गडबडीत अदलाबदल होते. कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत राहिलेल्या वाद्याचे जॅक आणि स्क्रू हिरवट पडले आहेत का, हे मुद्दाम पाहावे.

तपासणीसाठी विक्रेत्याच्या घाईला बळी न पडता वाद्य किमान अर्धा-पाऊण तास सुरू ठेवणे इष्ट असते, कारण सैल रिबन-केबल आणि थकलेले कपॅसिटर थंड असताना निमूट राहतात व तापल्यावर कुरकुर करतात. परिणाम बंद ठेवून एका साध्या पियानोच्या आवाजावर प्रत्येक पट्टी आधी अगदी हळू आणि मग जोरात वाजवली, की संपर्कांची अवस्था कळते. सर्वाधिक झीज मधल्या दोन सप्तकांत असते, त्यामुळे टोकांच्या पट्ट्यांशी तुलना करून पाहावे. स्वर वाकवणारा खटका सोडल्यावर सूर नेमका मूळ जागी येतो का हे तानपुऱ्याच्या सुराशी ताडून पाहणे हा सर्वात सोपा उपाय होय. आवाजाची सरकपट्टी हलवताना खरखर आली तर ती साफ होऊ शकते, पण पडद्यावर काळे डाग किंवा उभ्या रेषा असतील तर त्या मॉडेलचा पडदा मिळतो का याची आधी चौकशी करावी. खालच्या बाजूच्या स्क्रूंची डोकी घासलेली असल्यास वाद्य उघडले गेले आहे हे निश्चित समजावे. ते नेहमीच वाईट नसते, मात्र कोणी आणि कशासाठी उघडले हे विचारण्याचा अधिकार त्यातून मिळतो. ‘फॅक्टरी रीसेट’ मात्र टोनची प्रत घेण्यापूर्वी कधीही करू नये.

दुरुस्तीचे जाळे हा किमतीइतकाच महत्त्वाचा घटक आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची बुधवार पेठ येथे सेल, जॅक, कपॅसिटर, बटणे यांसारखे सर्वसाधारण सुटे भाग मिळतात. पट्ट्यांचे रबरी संपर्क, पडदे आणि मुख्य पटले मात्र त्या-त्या मॉडेलचीच लागतात आणि बहुधा दुसऱ्या बंद पडलेल्या वाद्यातून काढावी लागतात. म्हणूनच आपल्या परिसरात जे मॉडेल मोठ्या संख्येने खपले ते तांत्रिकदृष्ट्या थोडे कमी असले तरी पत्करावे, आणि दुर्मीळ वाद्य कितीही मोहक असले तरी मंचासाठी टाळावे. जिल्ह्याच्या ठिकाणी राहून महिन्यातून काही कार्यक्रम करणाऱ्या वादकाने एकूण रकमेचा सुमारे पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला काढून उरलेल्या पैशात वाद्य शोधावे. ज्याला मंच आणि स्टुडिओ दोन्ही सांभाळायचे आहेत त्याने सर्व पैसा एका थोरल्या वर्कस्टेशनमध्ये घालण्याऐवजी मंचासाठी एमओएक्स किंवा ज्युनोच्या वर्गातील हलके वाद्य आणि घरी संगणकापुढे कायम ठेवण्यासाठी आवाजाने जुने झालेले पण पट्ट्यांनी धडधाकट असलेले दुसरे वाद्य, अशी विभागणी करावी. मंचावरचे वाद्य ऐन गणेशोत्सवात कारागिराकडे गेले तर घरचे दुसरे, त्याचे स्वतःचे आवाज शाबूत असल्यास, त्या रात्रीपुरते गाडीत घालता येते.